पहिल्यांदाच कोंबडीची पिल्लं आणताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

पिल्लं घरी आली की पहिल्या रात्री सगळ्यांना साधारण हेच प्रश्न पडतात, मलाही पडले होते आणि उत्तरं शोधेपर्यंत माझी दोन पिल्लं गेली होती. म्हणून सारखं जे विचारलं जातं ते सगळं इथे एकत्र टाकलंय. क्रमाने वाचायची गरज नाही, पण ऊब आणि पाणी ही दोन उत्तरं पिल्लं खोक्यातून बाहेर काढायच्या आधी वाचा, बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालेल.

किती पिल्लं आणावी? एकच आणलं तर?

एक नको. एकटं पिल्लू दिवसभर ओरडतं, नीट खात नाही आणि झोपतही नाही, कारण कोंबडी हा कळपातला पक्षी आहे आणि पिल्लं चरायला शिकतात तीच मुळी एकमेकांचं बघून. कमीत कमी तीन आणा, पाच-सहा असली तर उत्तम, म्हणजे एखादं गेलं तरी उरलेलं एकटं पडत नाही. पहिल्या आठवड्यात एखादं जाऊ शकतं, सगळं नीट करूनही, हे आधीच मनाशी धरून ठेवा. आणि पहिल्याच फेरीत पंचवीस पण आणू नका. पिल्लं असताना पंचवीस मावतात हो एका खोक्यात, दोन महिन्यांनी बघा.

पिल्लं यायच्या आधी काय काय तयार पाहिजे?

भिंती दीडेक फूट उंच असलेली पेटी किंवा पुठ्ठ्याचं मोठं खोकं, खाली भुसा, उष्णतेची सोय, थर्मामीटर, खायचं भांडं, पाण्याचं भांडं आणि स्टार्टर खाद्य, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य. एवढंच. कोपरे असतील तर पुठ्ठा वाकवून गोल करून टाका कारण पिल्लं घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. जागा सुरुवातीला एका पिल्लाला अर्धा चौरस फूट पुरते, महिन्याभरात एक चौरस फूट लागते, आणि पुढे दोन.

दिवा मात्र पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच लावून ठेवा. हवा पटकन तापते, भुसा आणि जमीन तापायला वेळ लागतो आणि पिल्लाचे पाय असतात भुशावर.

तापमान किती ठेवायचं?

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं, 21 च्या आसपास येईपर्यंत. पाच-सहा आठवड्यांत खरी पिसं पूर्ण येतात, मग बहुतेक वेळा बाहेरच्या उबेची गरज राहत नाही. पिल्लाच्या अंगावरची ती मऊ लव दिसते गोड पण थंडी अडवत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

आता खरी गोष्ट. थर्मामीटर लावा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. सगळी दिव्याखाली एकमेकांना चिकटून गोळा झाली आणि मोठ्याने चिवचिवतायत म्हणजे थंडी वाजतेय, दिवा खाली घ्या. सगळी दिव्यापासून लांब कडेला गेली, चोच उघडी, पंख अंगापासून सुटे म्हणजे उकडतंय, दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला जमली तर कुठूनतरी गार वारा येतोय, ती फट शोधा. आणि पेटीभर पसरलेली, कोणी खातंय कोणी झोपलंय कोणी उगाच पळतंय, तर मग थर्मामीटर काहीही सांगू दे, तापमान बरोबर आहे. मी पहिल्यांदा आकड्याच्या मागे लागून दिवसातून वीस वेळा दिवा वर-खाली करत होतो आणि पिल्लांकडे बघतच नव्हतो.

दिवा पेटीच्या मधोमध नको, एका बाजूला. म्हणजे एक टोक गरम, दुसरं थंड आणि पिल्लं आपापलं ठरवतात कुठे बसायचं. पेटी लहान असेल आणि सगळीकडे सारखीच गरम होत असेल तर उकाड्याने पळायला जागाच उरत नाही, आणि उकाड्याने पिल्लू थंडीपेक्षा लवकर जातं.

कुठला बल्ब? एलईडी चालेल?

नाही. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही, त्यामुळे लाईट चालू आहे तरी पिल्लं गारठली असं होतं. जुना पिवळा बल्ब, नाहीतर इन्फ्रारेड लॅम्प. लाल लॅम्प घेतला तर रात्री झोपायलाही बरं पडतं आणि एकमेकांना टोचणंही जरा कमी राहतं. फुटू नये म्हणून टेफ्लॉनचं कोटिंग केलेले बल्ब मिळतात ते चुकूनही लावू नका, तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारतो.

आणि आगीचं बघा प्लीज. 250 वॉटचा लॅम्प खाली कोरड्या भुशात पडला तर पुढे काय होतं ते सांगायला नको. नुसत्या चिमट्यावर किंवा वायरवर लटकवू नका, साखळीने बांधा आणि शिवाय दुसरी एक दोरी किंवा तार वेगळ्या खिळ्याला, म्हणजे एक सुटलं तरी दुसरं धरून ठेवेल. बजेट असेल तर हीटिंग प्लेट घ्या, पिल्लं तिच्याखाली कोंबडीच्या पोटाखाली शिरतात तशी शिरतात, वीज कमी लागते, आगीची भीती खूप कमी, आणि दिवस-रात्र पण कळते त्यांना. मी आता प्लेटच वापरतो.

रात्री लाईट गेली तर?

गरम पाण्याच्या बाटल्या भरा, फडक्यात गुंडाळा, पेटीत ठेवा, पेटीवर जाड कापड टाका पण हवेला फट राहू द्या. पिल्लं बाटलीला चिकटून बसतात. पाणी गार झालं की बदला. एखादी रात्र अशी आरामात निघते. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघा, ओलं पिल्लू म्हणजे गारठलेलं पिल्लू.

खाली काय पसरायचं? पेपर टाकला तर?

गुळगुळीत पेपर एकटा नको. पाय घसरतात, आणि नवीन पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकून तसेच राहून जातात. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस, दोन-तीन इंच जाड. अगदी बारीक पावडरसारखा भुसा नको, धूळ छातीत जाते. देवदारसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा पण नको. पहिले एक-दोन दिवस भुशावर खरखरीत टिश्यू पेपर किंवा जुनं कापड टाका कारण पिल्लांना खाणं कुठलं आणि भुसा कुठला ते अजून कळत नसतं, तोवर खाद्यही थोडं त्या कापडावरच भुरभुरवा.

ओला झालेला भाग रोज काढायचा. पेटीत तोंड घालून वास घ्या, डोळ्यांना चुरचुरलं म्हणजे अमोनिया झालाय आणि तुम्हाला चुरचुरतंय तर पिल्लांचं नाक त्या भुशापासून दोन इंचांवर आहे. बुरशी दिसली तर सगळा भुसा बाहेर, बुरशीने फुफ्फुसाचा आजार होतो आणि त्यावर कामाचं औषध नाही.

पाण्याचं भांडं कसलं?

ज्यात पिल्लू पडू शकत नाही असलं. माझी दोन गेली ती वाटीतच, बोटभर पाणी होतं फक्त. पिल्लू आत पडतं, भिजतं, बुडालं नाही तरी गारठून मरतं. उलटी बाटली आणि खाली अरुंद कड असलेलं पिल्लांचं ड्रिंकर मिळतं ते घ्या, नाहीच मिळालं तर उथळ बशीत गोट्या किंवा स्वच्छ खडे भरा म्हणजे मधल्या फटींतून चोच जाईल पण पिल्लू जाणार नाही.

घरी आल्या आल्या आधी पाणी, मग खाणं. प्रत्येक पिल्लू हातात घेऊन चोचीचं नुसतं टोक पाण्यात बुडवा, एकदा, हळूच, नाकपुड्या बुडता कामा नयेत. दोन-चार शिकली की बाकीची बघून शिकतात. पाणी बर्फासारखं गार नको, खोलीच्या तापमानाचं. लांबून प्रवास करून आली असतील तर पहिल्या दिवशी इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पावडर घाला. तसं अंड्यातून बाहेर यायच्या जरा आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निघतात, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यातून लांब पाठवता येतात. पण तो साठा संपलेला असू शकतो.

भांडं रोज घासा. पिल्लं त्यात भुसा उडवतात, विष्ठा करतात, आणि मग तेच पितात. भांडं विटेवर किंवा फळीवर ठेवलं, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, तर घाण निम्मी कमी होते.

खायला काय द्यायचं?

चिक स्टार्टर. बास. अंड्याच्या जातींना 18 ते 20 टक्के प्रथिनांचं, ब्रॉयलरला सुरुवातीला 22-23 टक्क्यांचं. भांडं भरलेलं ठेवा, पिल्लांना मोजून द्यायचं नसतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य घरात असेल तर ते देऊन भागवू नका, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं आणि पिल्लाला लागतं एक टक्क्याच्या आसपास, जास्तीचं कॅल्शियम किडन्या खराब करतं. पहिलं अंडं येईपर्यंत, म्हणजे साधारण 18 आठवड्यांपर्यंत, लेयर खाद्य नाही.

घरातलं उरलंसुरलं दिलं तर चालेल ना?

पहिले दोन-तीन आठवडे नको. नंतर गंमत म्हणून चिमूटभर, पोट भरेल एवढं नाही, कारण धान्य आणि भात आवडीने खातात, त्याने पोट भरतं आणि प्रथिनं कमी पडतात, मग पिसं नीट येत नाहीत. कोंबडीला दात नाहीत, बारीक खडे पोटातल्या जाड स्नायूच्या पिशवीत जमतात आणि तिथे दळण होतं, म्हणून स्टार्टरशिवाय काहीही द्यायचं असेल तर सोबत जाडसर वाळू द्या. अशक्त पिल्लाला उकडलेलं अंडं बारीक कुस्करून देतात, विचित्र वाटतं ऐकायला पण चालतं. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कच्चा राजमा, खारट पदार्थ आणि बुरशी आलेलं कुठलंही धान्य अजिबात नाही. बुरशीचं तर जास्तच, आपण खाणार नाही ते कोंबड्यांना टाकायची सवय असते आपल्याला.

शेपटीखाली विष्ठा चिकटून कडक झालीय, काढायची का?

काढायचीच, आणि आजच. ते भोक बंद झालं तर विष्ठा बाहेर पडत नाही आणि पिल्लू मरतं. कोमट पाण्यात फडकं भिजवून धरा, मऊ होऊ द्या, मग पुसा. ओढू नका, खालची कातडी निघते. पिल्लू पूर्ण कोरडं करून मगच परत सोडा. प्रवासाचा ताण, जास्त उकाडा किंवा गारठा यानेच बहुतेक वेळा होतं, पहिल्या आठवड्यात रोज एकदा सगळ्यांची शेपूट उचलून बघायची. फक्त एक लक्षात ठेवा, पोटावर पुढच्या बाजूला सुकलेली काळपट खपली असते ती बेंबी, तिला हात लावायचा नाही. लोक साफसफाईच्या भरात तीच ओढतात.

पिल्लं सारखी ओरडतायत, नॉर्मल आहे का?

हळू आवाजात गुणगुणल्यासारखं चालू असेल तर ती खुश आहेत. तार स्वरात, एका लयीत, न थांबता चिवचिव असेल तर काहीतरी हवंय: ऊब, पाणी, किंवा एकटं पडलंय. आणि नेहमी आवाज करणारी पेटी एकदम गप्प झाली तर आधी उठून बघा.

पिल्लू मान टाकून पसरलंय, मेलं का?

बहुतेक झोपलंय. पंख पसरून, मान लांब करून, एक पाय मागे टाकून अशी काही झोपतात की काळजात धस्स होतं. हलकेच बोट लावा, उठून रागाने बघेल. उठवूनही उठत नसेल किंवा सगळी खात असताना हेच एक डोळे मिटून, पिसं फुलवून उभं असेल तर ते आजारी आहे, वेगळं काढा.

विष्ठेत रक्त दिसलं. आता?

पेटीत बघून लगेच घाबरू नका, आणि टाळू पण नका. कधीमधी आतड्याच्या अस्तराचा लालसर तुकडा पडतो तो चालतो, आणि दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा येते तीही ठीक. पण लाल ओली हगवण, त्यात पिल्लं पंख पाडून कुबड काढून उभी, खाणं बंद, वय तीन ते सहा आठवडे, तर ती रक्ती हगवण धरून चालायचं, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतडं पोखरतात, ओल्या उबदार भुशात वाढतात आणि एका पिल्लाच्या विष्ठेतून सगळ्यांना जातात. इथे दोन दिवस वाट बघू म्हणायला जागा नसते. विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्यांकडे जा. साधारणपणे पाण्यातून अॅम्प्रोलियम देतात, एकाला नाही तर सगळ्या पेटीला, आणि औषधाचं पाणी चालू असताना दुसरं साधं पाणी ठेवायचं नाही. हे औषध बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी मारतं, म्हणून त्याच दिवसांत वरून बी-1 असलेलं टॉनिक दिलं की औषधाचा जोर कमी होतो, ही चूक खूप जण चांगल्या हेतूने करतात. भुसा पूर्ण बदला.

काही स्टार्टरमध्ये हेच औषध आधीच घातलेलं असतं. ते चालतं, पण पिल्लांना कॉक्सिडिओसिसची लस दिलेली असेल तर असलं खाद्य देऊ नका, लसच वाया जाते. पिल्लं घेताना विचारून घ्या.

लस द्यायलाच लागते का?

घरची चार पिल्लं आहेत कशाला लस, हे मी पण म्हणायचो. मॅरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणारा विषाणूचा आजार) लस पहिल्याच दिवशी, हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच देतात, घरी आणल्यावर उशीर झालेला असतो. मानमोडीची, म्हणजे ज्याला राणीखेत किंवा इंग्रजी पुस्तकात न्यूकॅसल म्हणतात तिची, साधारण पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती घालवणारा विषाणूचा आजार) दोन आठवड्यांच्या आसपास, देवीची दीड-दोन महिन्यांनी. नेमका दिवस आणि कुठली लस ते तुमच्या भागातल्या पशुवैद्यांना विचारा, कारण कुठला आजार फिरतोय त्यावर ते ठरतं. मानमोडी एकदा आली की उपचार नाही. लस थंडच राहिली पाहिजे, उन्हात फिरवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

एकाचे पाय फाकलेत, उभंच राहत नाही

पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात आलं तर बऱ्याचदा सुधारतं. मऊ चिकटपट्टी किंवा बँडेजची छोटी पट्टी घेऊन दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर राहतील असे बेडीसारखे बांधा, घट्ट नाही, आणि खाली खरखरीत कापड. रोज सोडून बघा. तीन ते पाच दिवसांत उभं राहायला लागतं. तोवर त्याला हाताने पाण्यापाशी नेऊन बसवा. बोटं आत वळलेली असतील तर ती वेगळी भानगड, बी-2 ची कमतरता असू शकते.

एकमेकांना टोचून रक्त काढतायत

ज्याचं रक्त निघालंय ते या मिनिटाला बाहेर काढा. लाल दिसलं की सगळी तिथेच टोचतात, दुष्ट म्हणून नाही, कोंबडीची चोच रंगावर जाते. मग कारण शोधा: जागा कमी, उकाडा, डोळ्यावर येणारा पांढरा उजेड, खाण्याची गर्दी किंवा नुसता कंटाळा. तीन आठवड्यांनी चार इंच उंचीवर एक काठी बसायला आणि टोपलीभर कोरडी माती लोळायला दिली की निम्मी भांडणं संपतात. मातीत लोळायला लागली की ही घरभर धूळ होते, पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली असेल तर हलवायची वेळ झाली.

घरात खुडूक कोंबडी आहे, तिच्याखाली सोडली तर?

यासारखं सुख नाही, दिवा नको, थर्मामीटर नको. पण कोंबडी साधारण तीन आठवडे नीट रवणावर बसलेली पाहिजे आणि पिल्लं एक-दोन दिवसांची. रात्री अंधारात एकेक पिल्लू पोटाखाली सरकवा आणि खालची अंडी काढून घ्या. पहाटे मात्र तिथे हजर राहा. पिल्लांना बोलवत असेल तर झालं काम, टोचत असेल तर लगेच सगळी परत दिव्याखाली.

मुलं हातात घेऊन पापी घेतात, चालेल ना?

हातात घेऊ द्या, बसून, जमिनीजवळ. पापी नको. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावर पण साल्मोनेला, म्हणजे माणसाला हगवण लावणारा जंतू, असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त त्रास देतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि पिल्लांची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासायची नाहीत.

कोंबडा कुठला आणि तलंग कुठली, कधी कळतं?

एक दिवसाच्या पिल्लाचं नक्की सांगणं शिकलेल्या माणसाचंच काम, काही जातींत पंखांच्या पिसांवरून किंवा रंगावरून कळतं, सगळ्यांत नाही. दोरा फिरवून बघणं वगैरे सोडून द्या. सहा ते आठ आठवड्यांत ज्याचा तुरा मोठा आणि लाल व्हायला लागतो तो बहुतेक कोंबडा. बाराव्या आठवड्याच्या आसपास शेपटीच्या मुळाशी लांब टोकदार पिसं आली तर नक्कीच, तलंगीची गोलसर असतात. आरवला तर मग विचारायलाच नको.

बाहेर खुराड्यात कधी हलवायचं?

पिसं पूर्ण आली की, म्हणजे सहा आठवड्यांच्या पुढे, आणि रात्री फार गारठा नसेल तर. त्याआधी ऊन असेल तेव्हा तासभर बाहेर, तुम्ही तिथे बसलेले असाल तर. नवीन खुराड्यात पहिले चार-पाच दिवस कोंडूनच ठेवा म्हणजे घर कुठलं ते कळतं आणि संध्याकाळी आपणहून परत येतात. मोठी षटकोनी भोकांची जाळी कोंबड्या आत ठेवते, पण मुंगूस, घूस, साप यांना बाहेर ठेवत नाही, त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, खाली जमिनीतही फूटभर पुरलेली. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा अडकवा.

मोठ्या कोंबड्या आधीच आहेत, त्यांच्यात कधी सोडू?

आकार जवळपास सारखा झाल्यावर, बारा आठवड्यांच्या आत घाई नको. आधी दोन आठवडे मध्ये जाळी, एकमेकांना दिसतील पण चोच पोचणार नाही. मग एकत्र, आणि खायची-प्यायची भांडी दोन-दोन ठिकाणी. थोडी टोचाटोची होणारच, रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नका. खाद्य सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) द्या आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

अंडी कधी?

जातीवर आहे, साधारण 18 ते 24 आठवडे. तुरा लाल झाला, आणि पाठीवर हात ठेवल्यावर पंख पसरून खाली बसायला लागली की दोनेक आठवड्यांत पहिलं अंडं. ते लहान असेल, कधी बलकच नसेल, कधी कवच मऊ असेल. खा ते, फक्त मऊ कवचाचं टाकून द्या.